उशिरा पिकणारी

पेउमोच्या दरीत मार्च सरत येतो
तेव्हा मेर्लोच्या ओळी मोकळ्या झालेल्या असतात.
पेट्या गेल्या, ट्रॅक्टर गेला,
गांधीलमाश्याही दुसऱ्या कामाला लागल्या.
पण त्याच ओळींत मधेच काही वेली
हिरवट घोस धरून उभ्या,
जणू त्यांचा नंबर अजून पुकारलाच नाही.

मुकादम म्हणायचा, हीसुद्धा मेर्लोच, जरा मंद डोक्याची.
घाला सगळ्या एकाच टाकीत.
एदुविना किलोद्रान म्हणायची, ही ती नव्हे.
पण म्हणायची आपल्या कात्रीला.
कात्री सगळं ऐकून घेते
आणि पगारातून काही कापत नाही.

तिला कसं ठाऊक?
वसंतात कोवळं पान उलटून बघायचं.
मेर्लोच्या पानाची पाठ पांढुरकी, पीठ सांडल्यासारखी.
हिची लालसर,
थंडीत उघड्या राहिलेल्या कानाच्या पाळीसारखी.
आणि एप्रिल संपता संपता सगळा मळा पिवळा पडतो
तेव्हा ही एकटी पेटते.

मग एका नोव्हेंबरात, फुलोऱ्यात,
फ्रान्सहून एक माणूस आला भिंग घेऊन.
गुडघे मातीत टेकले, बराच वेळ उठलाच नाही.
आम्हाला वाटलं, चक्कर आली.
उठला तो म्हणाला, ही कार्मेनेर.
बोर्दोत किडीनं खाल्ली, तिथे तिला मेलेली समजतात.

वाळवंट, बर्फाचे डोंगर आणि एवढा मोठा समुद्र
ओलांडता आला नाही त्या किडीला.
वेल मात्र तिच्या आधीच आली होती, बोटीतून,
दुसरीच्या नावावर.
शंभराहून जास्त वर्षं
लोक तिला अर्धकच्ची तोडत होते
आणि मेर्लोला मिरचीची चव का येते
म्हणून डोकं खाजवत होते.

प्रत्येक कार्मेनेरला निळी फीत बांधायची ठरली.
साहेब लोक फुलं तपासत दोन ओळी पुढे सरकले.
एदुविनानं दुपारच्या झोपेच्या वेळात
एकवीस ओळी बांधून टाकल्या.
एकही चुकली नाही.
कुणी विचारलं, कशावरून?
पाठीवरून, म्हणाली.

लेबलं बदलली. बाटलीचा भाव वाढला.
नावातच किरमिजी रंग आहे म्हणे, त्याचंही कौतुक झालं.
तेव्हा ती कचेरीत गेली, हात धुऊन.
माझंही एक नाव चुकलंय.
पहिल्या मुकादमाच्या कानात मळ होता,
हजेरीपटावर तेव्हापासून एल्विरा आहे.

बाल्तासार कारकून, चांगला पोरगा.
त्यानं खुर्ची दिली, कागद काढले, मान खाजवली.
बदलता येईल, पण मग बत्तीस वर्षांची हजेरी
दुसऱ्याच बाईची ठरेल, मावशी.
पेन्शन अडकेल.

ती खिडकीतून बघत राहिली थोडा वेळ.
बाहेर निळ्या फिती वाऱ्यावर फडफडत होत्या.
राहू दे, म्हणाली.
एल्विराला मिळू दे पेन्शन. फार राबली आहे बिचारी.

त्या रविवारी नव्या लेबलाची एक बाटली घेऊन
ती काउकेनेसला भावाकडे गेली.
एर्मोहेनेसच्या परसात पाईसच्या जुन्या वेली,
माणसाच्या मांडीएवढ्या जाड, टेकूशिवाय उभ्या.
पाईस म्हणजे देश.
फिकट, तुरट, किलोमागे चिल्लर मिळवणारी.
तिच्यापुढे कुणी गुडघे टेकलेले नाहीत,
तिचं नाव चुकवायलाही कुणी आलं नाही.

भावानं बाटलीतलं ग्लासात ओतलं, उन्हात धरलं,
एक घोट तोंडात फिरवला.
काजळी, मिरची, मग उशिरानं,
घोट उतरून गेल्यावर, काहीतरी पिकलेलं, काळं, गोड.
काय नाव म्हणालीस?
तिनं सावकाश सांगितलं, एकेक अक्षर.
तो म्हणाला, कार्मेन. बरी आहे तुझी कार्मेन.

तिनं दुरुस्त केलं नाही.
आपला ग्लास पुढे केला
आणि म्हणाली, भर.